पोटावरचा हात

गिरणीची चिमणी सुरुंग लावून पाडली त्याला बरीच वर्षं झाली. मागखात्यातली चिमणी मात्र अजून शाबूत होती. बायकांनी तिला हे नाव ठेवलं ते ओठांवरून. माग चालू असताना शेजारणीच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नसे, म्हणून त्या खात्यातलं सगळं बोलणं ओठांवर चाले, बिनआवाजी, आणि हिचे ओठ इतके भराभर हलत की बाई दाणे टिपतेय असं वाटावं. सुनांच्या कागाळ्या, खात्यावर देखरेख करणाऱ्या जॉबरची नक्कल, कुणाच्या नवऱ्याचं काय नि कसं, सगळं ती सूत घेऊन धावणाऱ्या धोट्यावरची नजर न काढता, अर्ध्या मानेनं सांगून मोकळी व्हायची.

ओठांच्या बोलण्यालाही कायदे होते. समोरचीच्या तोंडाकडे बघायचं. जी बघत नसेल तिला दुसऱ्यांदा सांगायचं नाही. माग काही कुणासाठी थांबत नसतो. आणि ओठांवर सारखे दिसणारे शब्द हातानं सोडवायचे. मालक आणि पालक आरशासमोर म्हणून बघा, काडीचा फरक दिसत नाही. म्हणून मालक म्हणताना नाक चिमटीत धरायचं. आई, ताई, दाई हे तिन्ही दिसायला एकच. म्हणून आई म्हणताना उजवा हात पोटावर ठेवायचा. ताईला हात नाही.

शिक्षा एकच होती, पाठ. खात्याचा जिच्यावर राग, तिच्याकडे कुणी तोंड करायचं नाही. घरात माणूस रुसलं तरी खोकतं, भांडी आपटतं, काहीतरी कानावर पडत राहतं. इथं तोंड दिसलं नाही की सगळंच संपलं. पाठ लागलेली बाई त्या गदारोळात विहिरीत पडल्यासारखी एकटी.

कांडीवालीला पाठ लागली ती संपात. मागांना सुताच्या कांड्या पुरवणारी ही बाई, अंगानं आडवी, हसताना पोट धरून खाली बसणारी. चिमणीचं नि तिचं गूळपीठ. चिमणीची मुलगी लहान होती तेव्हा सुट्टीत आईपेक्षा तिच्याच मांडीवर जेवायची आणि तिला ताई म्हणायची.

संप चांगला रंगला होता. आणि एका सकाळी मालकांनी ताज्या विणलेल्या कापडाचा तागा फाटकावर टांगला. बघा, आत काम चालू आहे. कुणीतरी फुटलं होतं, मागच्या दारानं आत जाऊन माग चालवत होतं. त्या ताग्यानं संपाचं कंबरडं मोडलं. माणसं धास्तावून एकेक करत कामावर आली, गिरणीनं त्यांना हवं तसं वाकवलं, आणि पुढं चारदोन वर्षांनी सगळ्यांनाच बाहेर काढून कुलूप ठोकलं. गिरणी बुडण्याची खरी कारणं मोठ्या लोकांना ठाऊक असतील. बायकांना एकच ठाऊक होतं, मागचं दार. आणि त्या दिवसांत मागच्या दाराशी कुणीतरी कांडीवालीला पाहिलं होतं. आत राहिलेल्या चपला आणायला गेले होते, असं ती सांगत होती. चपलांसाठी कुणी जातं होय, बायका म्हणाल्या, आणि वळल्या.

आत गेली होती चिमणी.

घरात चूल पेटत नव्हती म्हणून गेली असती तर रडून-भेकून सांगता तरी आलं असतं. पण कारण असं होतं की ते सांगायचं कोणत्या तोंडानं? संपात घर शांत झालं आणि तिच्या कानातली शिट्टी वर आली. मागखात्यातल्या प्रत्येकीच्या कानात ती असतेच. किटलीतलं पाणी उकळायला लागताना येतो तसा बारीक आवाज, पण किटली कधी उतरवायचीच नाही असा. माग चालू असले की तो त्यात बुडून जातो. शांततेत मात्र चिमणी भिंतीवर डोकं आपटायची, रिकाम्या पातेल्यात डोकं घालून स्वतःच ओरडायची. जॉबरनं ते हेरलं. ये, म्हणाला, तुझा माग चालव, बरं वाटेल. ती गेली. नुसता आवाज ऐकायला गेली. कापड आपलं करवतीखाली भुसा पडावा तसं पडत राहिलं.

खातं कांडीवालीकडे पाठ करून उभं राहिलं तेव्हा सगळ्यांत आधी वळली होती तीही चिमणीच.

आता तिची लेक मोठी झाली होती. शाळेत घातलेलं नाव टाकून देऊन तिनं स्वतःला गंज म्हणवून घ्यायला सुरुवात केली होती. दिवसा गोदामात खोक्यांना चिकटपट्ट्या लावायची, संध्याकाळी पंक गायची. घराच्या मागच्या खोलीत तालीम चाले. ढोल बडवणारा भंगारवाला होता. दिवसभर गिरण्यांची यंत्रं सोडवायची आणि त्यातले आवडलेले पत्रे नि पिंपं संध्याकाळी बडवायची, असा त्याचा संसार. गिटारवर तारवाला, म्हणजे घरोघरी विजेच्या तारा ओढणारा. त्याला सूर तीन येत होते आणि चौथ्याची त्याला गरज भासत नव्हती. बँडचं नाव 'तिसरी पाळी'. शहरात दुसरी पाळीसुद्धा उरली नव्हती, तेव्हा नाव चांगलं होतं.

मुलगी पंक गाते हे चिमणीनं जुन्या मैत्रिणींना सांगितलं ते अर्थातच ओठांनी; मागांनी बहुतेकींचे कान कधीच मंद करून टाकले होते. ओठांवर पंक आणि पंख सारखेच. चिमणीच्या पोरीला पंख फुटले, असं त्या आठवडाभर एकमेकींना सांगत राहिल्या, आणि कुणाबरोबर पळाली हे कळायची वाट बघत राहिल्या.

शेजारीपाजारी तालमीच्या वेळी दारं-खिडक्या लावून घेत. चिमणी मात्र उलट्या घातलेल्या बादलीवर बसून, डोळे मिटून ऐके. पत्र्यांचा तो दणदणाट सुरू झाला की कानातली शिट्टी हळूहळू बुडे, आणि तिचा चेहरा बाळंतिणीला झोप लागावी तसा सैल पडे. गाणं काय आहे हे तिला ठाऊक नव्हतं. गंज माईक असा धरायची की जणू तो कणसासारखा खायचाच आहे. त्यामागं ओठ दिसत नसत.

शब्द कुणालाच कळत नव्हते आणि गंजचं खरं दुखणं तेच होतं. जीव तोडून लिहायची ती. 'आम्ही धूर पिऊन मोठे झालो' असं एक गाणं होतं, तर समोर नाचणारी पोरं गळ्याच्या शिरा ताणून 'दूध पिऊन मोठे झालो' म्हणायची. कार्यक्रम संपला की ती घरी येऊन तडातडा बूट फेकायची. माझ्यापेक्षा दूधवाल्याला बोलवा, म्हणायची.

एका तालमीनंतर, पोरगे निघून गेल्यावर, तिनं आईला विचारलं होतं की तुला आमच्या गाण्यात आवडतं तरी काय. चिमणी त्या दिवशी फार सुखात होती. कृतज्ञता वाईट असते, माणसाचं तोंड सैल करते. तिनं मुलीला समोर बसवलं आणि ओठांनी, आवाज न काढता, शिट्टीचं सांगितलं, मागच्या दाराचं सांगितलं, ताग्याचं सांगितलं. गंज तोंडाकडे बघत राहिली. मग तिनं आईला मिठी मारली. लेकीनं आपल्याला माफ केलं असं चिमणीला वाटलं. लेकीला गाणं मिळालं होतं.

ते चिमणीला कळलं आरशामुळं. गंज आरशासमोर केस कापत होती, स्वतःचे स्वतःच, वाकडेतिकडे, आणि कापता कापता पुटपुटत होती. माईक नव्हता. दारातून चिमणीनं वाचलं:

आई गेली मागच्या दारानं,
आवाज प्यायला गेली,
तागा टांगला फाटकावर,
दुसरीकडे पाठ केली.

'आई' म्हणताना गंजचा कात्रीचा हात आपोआप पोटावर गेला होता. लहानपणी चिमणीनंच शिकवलं होतं ते. बोबडी बोलायची तेव्हापासून.

चिमणी आत आली आणि तिनं मुलीच्या हातातून कात्री काढून घेतली. कधी गाणार आहेस, तिनं विचारलं. गंज म्हणाली, शनिवारी, मागखात्यात. शेड पाडायच्या आधी भंगारवाल्यानं मुकादमाकडून एक दुपार मागून घेतली होती. त्याच दुपारी तिथं चिमणीच्या सगळ्या मैत्रिणी येणार होत्या. शेड शेवटची बघायला त्यांना तिनं स्वतःच बोलावलं होतं.

हे गाणं गाऊ नको, तिनं सांगितलं. गंज म्हणाली की तिनं आजवर लिहिलेलं हेच एक खरं गाणं आहे, आणि नाही तरी कुणाला काय कळतं, पोरं त्यात गाई-म्हशी घालून मोकळी होतील. आणि तुझ्या बायकांना तर ऐकूच येत नाही.

"त्या ऐकत नाहीत, बघतात," चिमणी म्हणाली. "माईक तोंडावरून काढू नको. तेवढं कर."

गंज म्हणाली, बरं.

"आणि निघालाच चुकून, तर हात ठेवू नको पोटावर."

गंजला ते समजायला थोडा वेळ लागला. मग तिनं आरशातूनच आईकडे पाहिलं. "म्हणजे बायका ते 'ताई' असं वाचतील."

चिमणीनं मुलीच्या खांद्यावरचे कापलेले केस झटकले.

"ताई म्हणजे कांडीवाली ताई. पुन्हा तिच्याच डोक्यावर."

"तिला सवय आहे," चिमणी म्हणाली, आणि कात्री घेऊन मागचे, मुलीला न दिसणारे केस नीट सारखे करू लागली.

शनिवारी दुपारी शेडच्या छपरातल्या काचांतून ऊन जमिनीवर पडलं होतं, आणि जिथं जिथं माग उभे होते तिथं तिथं तेलाचे काळे चौकोन होते. बायका आल्या त्या थेट आपापल्या चौकोनावर जाऊन उभ्या राहिल्या. एकीनं वाकून जमिनीला हात लावला आणि वास घेतला. मग भिंतीशी कॅन्टीनची जुनी बाकं होती त्यांवर सगळ्या ओळीनं बसल्या. चिमणी मधोमध. कांडीवालीही आली होती. ती सगळीकडे येते. पाठ लागलेल्या माणसाला घरी तरी कोण असतं? ती ओळीच्या टोकापासून चांगली दोन माणसांची जागा सोडून एका पालथ्या खोक्यावर बसली, पाय पुढं पसरून. तिच्या शेजारणीनं खांदा किंचित तिरका केला. वाईट हेतूनं नव्हे, हाडांना तशी सवयच झाली होती.

समोर पोरापोरींचा घोळका जमला. भंगारवाल्यानं भंगारातून उचललेल्या मागाच्या लोखंडी चौकटीला पहिला दणका दिला आणि पूर्वी जसा होता तसा, अगदी तसा आवाज त्या शेडमध्ये भरला. बाकावरच्या बायका सगळ्या एकदम सरळ झाल्या. एकीच्या डोळ्यांतून पाणीच आलं. दुसरीनं कोपर मारून चिमणीला ओठांनी म्हटलं, तुझ्या पोरीनं माग चालू केले की गं. चिमणी हसली. कानातली शिट्टी बुडाली होती. माईक गंजच्या तोंडावर होता, घट्ट. सगळं ठीक होतं.

दूध पिऊन मोठे झालो, पोरं ओरडली. गंजनं रागानं त्यांच्याकडे पाहिलं, आणि पाहता पाहता तिची नजर वरून मागं, बाकांवर गेली. दोन गाण्यांच्या मध्ये पाणी प्यायला तिनं माईक खाली घेतला होता आणि तारवाल्याला ती काहीतरी म्हणाली, तार कुठेतरी सैल आहे असं काहीसं. भंगारवाला वाजवायचा थांबला नव्हता. तारवाल्यालासुद्धा ते ऐकू गेलं नाही. पण बाकावरच्या बायकांनी माना डोलावल्या आणि त्यातल्या एकीनं बोटानं दाखवलं, ती बघ, डावीकडची, ती सैल आहे.

गंज तशीच उभी राहिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी तिचा शब्द कळला होता.

चिमणीनं ते बघितलं. मुलीच्या चेहऱ्यावर काय उमटलं ते तिला ओठांपेक्षाही स्वच्छ वाचता आलं. चिमणीनं मान हलवली, नाही. पुन्हा हलवली. गंजचं लक्ष तिच्याकडे नव्हतं, सगळ्या बाकाकडे होतं. तारवाल्यानं पुढचं गाणं सुरू केलं. गंजनं माईक एकदा तोंडाकडे नेला, मग हात लांब करून तो मांडीशी धरला. आणि पुढं येऊन, घोळक्याच्या डोक्यांवरून, ओठ पूर्ण उघडत, सावकाश, चिमणीनं शिकवलं होतं तसं म्हणायला लागली.

समोरची पोरं नाचत होती. त्यांना माईक आहे की नाही याचं सोयरसुतक नव्हतं. बायका पुढं झुकल्या.

गेली मागच्या दारानं, त्यांनी वाचलं. एकीचा हात तोंडावर गेला. कोण गेली? पहिला शब्द पुन्हा आला. ताई. ताई गेली मागच्या दारानं. सगळ्यांच्या माना टोकाकडे, खोक्याकडे वळल्या. पोरीनं गाणं केलं बघ तिच्यावर, एक दुसरीला म्हणाली. बरं केलं, दुसरी म्हणाली. कांडीवालीनंही वाचलं होतं. आपल्या मांडीवर जेवलेल्या पोरीचे ओठ ती ओळखत होती. तिनं पसरलेले पाय हळूच जवळ ओढले, फ्रॉकातल्या मुलीनं ओढावेत तसे, आणि मान खाली घातली.

चिमणीनं श्वास सोडला. खोटं कशाला बोलायचं, तिला बरं वाटलं. भाजल्यावर गार पाणी पडावं इतकं बरं वाटलं.

गंजनं पुढं सगळ्यांना सांगितलं की कांडीवालीची खाली गेलेली मान बघून मी ते केलं, न्यायासाठी. असेलही. पण चिमणी बघत होती, आणि चिमणीनं पाहिला तो न्याय नव्हता. इतक्या दिवसांनी माणसं मिळाली आणि त्यांनीही चुकीचा शब्द ऐकला, दुधासारखा, याचा तो संताप होता. गंजनं भंगारवाल्याला हातानं वाजवत राहा असं सांगितलं. मग कडव्याची पहिली ओळ पुन्हा घेतली, आणि पहिल्या शब्दाला उजव्या हातातला माईक डाव्यात घेऊन रिकामा हात पोटावर ठेवला. ठेवला आणि तिथंच धरला, वर्गात बाई फळ्यावर छडी ठेवतात तसा, सगळ्यांचं बघून होईपर्यंत.

जुन्या हिशेबातली चूक सापडावी तसं बाकावरच्या बायका मनात सगळं मागं नेत होत्या. जॉबर हिच्याशी का गोड बोलायचा. संपात हिच्या घरी गेलं तर दार बंद का असायचं. सगळ्यांत आधी कोण वळलं होतं. चिमणीच्या उजव्या हाताला बसलेली बाई, जिच्या शेजारी तिनं उभी हयात माग चालवला, उठली. बाकाला टेकायला पाठ नव्हती, आणि ते भिंतीपासून वीतभर सुटं होतं. ती पाय पलीकडे टाकून भिंतीकडे तोंड करून बसली. मग डावीकडची. मग एकेक. घाई कुणीच केली नाही. सांधे दुखतात आता.

चिमणी उठून पुढं आली आणि वळून एकीकडून दुसरीकडे बघत राहिली. अंबाडे, माना, पदर नि शाली, पाठी. तिचे ओठ चालू होते. पोर खोटं बोलतेय, म्हणत होते, कानात शिट्टी होती गं, म्हणत होते, तुमच्याही आहे की. ते बघायला कुणी नव्हतं.

एकच तोंड तिच्याकडे होतं. खोक्यावर कांडीवालीनं मान वर केली होती. इतक्या वर्षांत दोघींनी एकमेकींच्या डोळ्यांत पाहिलं नव्हतं. चेहरा सुकला होता, पण हसताना पडायची ती गालाची घडी तशीच होती. ती बघत होती, नीट, समजून घ्यायला बघतात तसं. चिमणी तिच्यासमोर गेली. दणदणाटात तिनं सावकाश ओठ उघडले. मीच गेले होते, म्हणाली. मला माहीत होतं तू चपलांसाठी गेली होतीस, म्हणाली. तुझ्याकडे पाठ केल्यावर माझ्याशी हसणारं कुणी उरलं नाही, म्हणाली. कांडीवालीनं प्रत्येक शब्दावर हलकी मान डोलावली. काही राहिलंय का, असं भुवयांनी विचारलं. चिमणीनं हात जोडले आणि शेवटचं म्हणायला तोंड उघडलं.

कांडीवालीनं शांतपणे डोळे मिटले.

पाठ केली असती तर पलीकडून फिरून पुढं येता आलं असतं. मिटलेल्या डोळ्यांना पलीकडची बाजू नसते. चिमणी जोडलेले हात घेऊन तशीच उभी राहिली, गाणं संपेपर्यंत.

मग ते संपलं. मुकादमाच्या माणसानं वीज तोडली, पोरं पांगली, बायका ओळीनं मोठ्या दारानं बाहेर पडल्या आणि त्यांच्यामागं, अंतर न ठेवता, कांडीवाली. दारात कुणीतरी तिच्यासाठी थांबलं. शेड इतकी शांत झाली की छपरातली कबुतरं ऐकू आली असतील, ज्यांना येत असतील त्यांना. चिमणीच्या कानात शिट्टी वर यायला लागली होती.

गंज घामानं निथळत, धापा टाकत आली. डोळे चमकत होते. "आई, शब्दन् शब्द कळला त्यांना," म्हणाली. "एकूण एक शब्द. एकीनंही चुकीचा वाचला नाही." मग आईचा चेहरा बघून थोडी थबकली, आणि ते टाळायला की खरंच, कान चोळत म्हणाली, "आज फारच झालं. माझ्या कानात कसलीतरी शिट्टी वाजतेय. जाईल ना गं उद्यापर्यंत?"

आणि उत्तराची वाट न बघता ती खाली बसून वायर गुंडाळायला लागली.

चिमणीनं तिच्या ओल्या, वाकड्या कापलेल्या केसांवरून हात फिरवला. मागचे केस सारखे होते, छान.

"सवय होईल," ती ओठांनीच म्हणाली.

केसांवरचा हात जाणवून गंजनं वर पाहिलं. तोवर ओठ मिटले होते. "काय म्हणालीस?" तिनं विचारलं.

चिमणीनं दुसऱ्यांदा सांगितलं नाही.